पांढऱ्या बगळ्याचे हरवलेले पीस

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा नावाचे गाव आहे. भोवतालची जमीन काळी, कसदार. या परिसरात ऊस, केळी, हळद अशी पिके घेतली जातात. पीक निघाले आणि नांगरट सुरू झाली, की एक दृश्य हमखास दिसते. पुढे नांगर किंवा ट्रॅक्टर चालला आहे, मागे काळीभोर ढेकळे उलटत आहेत, आणि त्या ढेकळांवरून पांढरेशुभ्र बगळे टुणटुण उड्या मारीत चालले आहेत. नांगराने माती उलटली, की तिच्यातील किडे आणि अळ्या उघड्यावर पडतात. बगळ्यांना ही आयती पंगत मिळते.

समजा, तुम्ही या शिवाराच्या बांधावर उभे आहात. सकाळचे अकरा वाजले आहेत. हातात कॅमेरा आहे, किंवा घरातल्या कुणाचा तरी मोबाइल. तुम्ही बगळ्याचे छायाचित्र घेता आणि घरी येऊन मोठ्या आनंदाने ते पाहता. माती उत्तम उमटली आहे. प्रत्येक ढेकूळ, वाळलेली काडी न् काडी स्पष्ट दिसते. आणि बगळा? त्याच्या जागी नुसता पांढरा डाग! जणू काळ्या कापडावर कुणी कागदाचे कात्रण चिकटवले आहे. पीस नाही, पंखाची घडी नाही, मानेची गोलाई नाही.

मग तुम्ही संगणकावर ते चित्र उघडता आणि त्याचा उजळपणा कमी करता. माती आणखी काळी होते. बगळा मात्र पांढऱ्याचा राखाडी होतो, इतकेच. पिसे काही परत येत नाहीत. ती गेली कोठे? आणि ती परत आणता येतात का? या दोन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधणार आहोत.

बगळा पांढरा का?

प्रथम बगळ्याकडेच पाहू. कावळ्याच्या पिसात मेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य असते. बगळ्याच्या पिसात पांढरे रंगद्रव्य असते का? मुळीच नाही. पीस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते. आपली नखे आणि केसही याच प्रकारच्या प्रथिनाचे असतात. केराटिन स्वतः जवळजवळ रंगहीन असते. परंतु पिसाचे असंख्य बारीक तंतू आणि त्यांच्या आतबाहेर असलेली हवा यांच्या सीमांवर प्रकाश वारंवार वळतो, परावर्तित होतो आणि सर्व दिशांना विखुरतो. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे सर्व रंग जवळजवळ सारख्याच प्रमाणात विखुरल्यामुळे आपल्याला पांढरा रंग दिसतो. साखरेचा एक मोठा खडा पारदर्शक दिसतो, पण तोच कुटला की पांढरी पूड होते. त्यामागेही हेच कारण आहे.

याचा अर्थ असा, की बगळा आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी फार मोठा भाग परत फेकतो. त्याच्या पायाखालची ओली काळी माती मात्र बहुतेक प्रकाश शोषून घेते. हिशेबाच्या सोयीसाठी आपण धरून चालू, की माती शंभर भाग प्रकाशापैकी ६ भाग परत पाठवते आणि बगळा ७२ भाग. म्हणजे बगळा मातीच्या बारापट उजळ झाला.

आपल्या डोळ्यांना हा फरक जड जात नाही. आपण बगळ्याची पिसेही पाहतो आणि ढेकळेही पाहतो. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

कॅमेऱ्याची फसगत

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर बगळा आहे की बैल, हे मुळात ठाऊक नसते. समोरून येणारा प्रकाश मोजायचा आणि चित्राची सरासरी मध्यम राखाडी येईल इतकाच प्रकाश आत घ्यायचा, असे त्याचे काम असते. हा मध्यम राखाडी म्हणजे साधारणपणे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा पृष्ठभाग समजला जातो. हिरवे गवत, धुळीचा रस्ता अशा दृश्यांना हा नियम छान लागू पडतो.

आता आपल्या शेतात चौकटीचा बहुतेक भाग काळ्या मातीने व्यापला आहे. बगळा एका कोपऱ्यात, लहानसा. मापकाला वाटते, "अरे, येथे तर फारच अंधार आहे!" मग ६ भागांच्या मातीला १८ पर्यंत उचलण्यासाठी तो तिप्पट प्रकाश आत घेतो. माती छान उजळते. परंतु त्याच वेळी बगळाही तिप्पट होतो. ७२ गुणिले ३ म्हणजे २१६! कॅमेऱ्याची मोजण्याची मर्यादा १०० धरली, तर बगळा तिच्या दुपटीहून पुढे गेला.

आजचे अनेक कॅमेरे चौकटीचे भाग पाडून मोजमाप करतात. काही तर पक्षी आहे हेही ओळखतात. तरीसुद्धा दूरवरचा लहान पांढरा पक्षी आणि मागे विस्तीर्ण काळी जमीन असली, की त्यांचीही फसगत होते. मराठवाड्यातील काळी माती ही या चुकीची जणू प्रयोगशाळाच आहे.

भरून वाहणारे पर्जन्यमापक

मर्यादेच्या पुढे गेलेल्या प्रकाशाचे काय होते, हे समजण्यासाठी पर्जन्यमापक आठवा. त्यातील बाटलीत पावसाचे पाणी साठते आणि सकाळी ते मोजतात. समजा, बाटलीत १०० मिलिमीटर पावसाचेच पाणी मावते, आणि रात्री धो धो पाऊस पडून बाटली भरून वाहू लागली. सकाळी तुम्ही काय नोंद कराल? पाऊस १०० मिलिमीटर झाला? की १२०? की २१६? बाटली पाहून हे सांगता येणार नाही. "निदान १०० मिलिमीटर तरी झाला," एवढेच प्रामाणिक उत्तर.

अंकीय कॅमेऱ्याच्या आत अशा लक्षावधी सूक्ष्म बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. त्या सिलिकॉनच्या असतात. प्रकाशकण म्हणजे फोटॉन त्यांच्यावर आदळले, की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि बाटलीत साठतात. जितका प्रकाश जास्त, तितके इलेक्ट्रॉन जास्त. साठलेल्या विद्युतभारावरून चित्र मिळवण्याच्या या मार्गावरचे एक मोठे पाऊल १९६९ साली पडले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हे साधन शोधले. त्याबद्दल त्यांना २००९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आज मोबाइलमध्ये सीमॉस या दुसऱ्या जातीचे संवेदक असतात, पण बाटली भरण्याचे तत्त्व तेच आहे. प्रत्येक बाटलीची क्षमता ठरलेली असते. ती भरली, की पुढच्या फोटॉनची नोंद होत नाही.

एक छोटे गणित करू. बगळ्याच्या पंखावरील चार जागा घ्या. योग्य प्रकाश घेतला असता, तर त्यांची नोंद ३०, ४५, ६०, ८० अशी झाली असती. मर्यादा १००. आता चुकून दुप्पट प्रकाश घेतला गेला. आकडे व्हायला हवेत ६०, ९०, १२०, १६०. परंतु नोंद होते ६०, ९०, १००, १००. घरी येऊन तुम्ही संगणकावर सर्व आकडे निम्मे केले. काय मिळाले? ३०, ४५, ५०, ५०. शेवटच्या दोन जागांमधला फरक नाहीसा झाला! आणि पिसाचा आकार म्हणजे तरी काय? शेजारच्या दोन जागांमधला उजेडाचा फरकच. फरक गेला, की पीस गेले.

आता उलट चूक करून पाहा. निम्माच प्रकाश घेतला: १५, २२, ३०, ४०. (साडेबावीसचा अर्धा नोंदवताना गळाला.) घरी येऊन दुप्पट केले: ३०, ४४, ६०, ८०. एका आकड्यात किंचित चूक झाली, पण चारही जागा वेगवेगळ्या राहिल्या. म्हणूनच पांढऱ्या पक्ष्यांचे छायाचित्र घेणारे सांगतात, की चित्र थोडे काळोखे आले तर चालेल, पण पांढरे उतू जाऊ देऊ नये.

अर्थात काळोखे चित्र उजळण्यालाही किंमत मोजावी लागते. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित येतात. सरासरी १०,००० फोटॉन येणार असतील, तर त्यात सुमारे १०० ची, म्हणजे १ टक्क्याची चढउतार असते. सरासरी १०० च येणार असतील, तर चढउतार सुमारे १० ची, म्हणजे १० टक्क्यांची. त्यामुळे फार काळोखे चित्र उजळले, की त्यावर रवाळ ठिपके दिसतात. तेव्हा बाटली उतू जाऊ द्यायची नाही, पण रिकामीही ठेवायची नाही.

फिल्मच्या काळी काय होते?

फिल्मवर चित्रे घेतली जात, तेव्हाही हा प्रश्न होताच. फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी इंग्लंडमध्ये १८९० साली प्रकाश आणि फिल्मवरील काळेपणा यांचा संबंध आलेखाने दाखवला. तो आलेख तिरप्या 'एस' अक्षरासारखा आहे. जास्त प्रकाशाच्या बाजूला तो एकदम तुटत नाही, हळूहळू आडवा होत जातो. म्हणून निगेटिव्ह फिल्म थोडा अधिक प्रकाश सोसत असे. काळोख्या खोलीत कागदावर प्रत काढताना छायाचित्रकार बाकीचे चित्र हाताने किंवा पुठ्ठ्याने झाकून फक्त पांढऱ्या भागाला जादा प्रकाश देत. मग निगेटिव्हमध्ये दडलेली पिसे कागदावर उमटत. निगेटिव्हमध्ये तपशील असेल तरच, बरे का! अंकीय संवेदकाचा आलेख मात्र शेवटपर्यंत सरळ चढतो आणि मर्यादेपाशी एकदम कापला जातो.

आयतालेख वाचायला शिका

गणिताच्या पुस्तकात तुम्ही आयतालेख शिकला आहात. कॅमेऱ्याच्या आणि संपादनाच्या पडद्यावर जो हिस्टोग्राम दिसतो, तो हाच. आडव्या अक्षावर डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे. उभ्या अक्षावर त्या त्या उजेडाच्या बिंदूंची संख्या. नेहमीच्या ८ बिटच्या चित्रात ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात.

शेतातल्या बगळ्याचा आयतालेख कसा दिसेल? डावीकडे मातीचा मोठा डोंगर, आणि उजवीकडे बगळ्याची छोटीशी टेकडी. ही टेकडी उजव्या भिंतीच्या अलीकडे उतरत असेल, तर पिसे सुखरूप आहेत. ती भिंतीला टेकून सरळ उभी राहिली असेल, तर बाटल्या उतू गेल्या. टेकडी लहान असल्यामुळे ती नजरेतून सहज सुटते. म्हणून कित्येक कॅमेऱ्यांत उतू गेलेला भाग लुकलुकवून दाखवण्याची सोय असते. ती चालू ठेवावी.

दोष दिसला, तर शेतातच उपाय करा. कॅमेऱ्यावर अधिक-उणेची खूण असलेली सोय असते. ती उणे १ वर नेली, की प्रकाश निम्मा होतो. उणे २ वर नेली, की चौथाई. आपल्या उदाहरणात तिप्पट झालेला प्रकाश मुळावर आणायला उणे दीडच्या थोडे पुढे जावे लागेल. मोबाइलवर बगळ्यावर बोट टेकवून उजेडाची खूण खाली ओढली, तरी हेच साधते. शिवाय सकाळी लवकर गेलात, तर ऊन कोवळे असते आणि पक्ष्याच्या उजेडातल्या व सावलीतल्या बाजूंमध्ये फरक कमी राहतो.

संगणकावर काय करता येते?

समजा, शेतातून परत आलात आणि मगच चूक लक्षात आली. आता काय? सर्व काही गेले असे नाही. त्यासाठी चित्र कोणत्या स्वरूपात साठवले आहे, ते पाहा.

नेहमीच्या जेपेग चित्रात कॅमेरा स्वतःच निर्णय घेऊन बरीच माहिती टाकून देतो. 'रॉ' स्वरूपात मात्र बाटल्यांची मूळ मोजणी जपलेली असते. १२ बिटला ४,०९६ आणि १४ बिटला १६,३८४ पायऱ्या. कित्येकदा जेपेगमध्ये पांढराफटक दिसणारा भाग रॉमध्ये मर्यादेच्या आत असतो. अशा वेळी उजेड कमी करताच पिसे खरोखर वर येतात. हा चमत्कार नव्हे. ती माहिती तेथे होतीच.

दुसरी गोष्ट रंगांची. संवेदकावर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांना १९७६ साली या रचनेचे पेटंट मिळाले. तिच्यात दर चार बाटल्यांपैकी दोन हिरव्या, एक तांबडी आणि एक निळी असते. उन्हात बहुधा हिरव्या बाटल्या आधी भरतात. समजा, हिरवा उतू गेला, पण तांबडा आणि निळा शाबूत आहेत. बगळ्याचे पीस पांढरे, म्हणजे तिन्ही रंग ठरावीक प्रमाणात असणारच. मग उरलेल्या दोन रंगांवरून तिसऱ्याचा अंदाज बांधता येतो. त्रैराशिकच म्हणा ना! डार्कटेबल आणि रॉ थेरपी हे मोफत मिळणारे प्रोग्रॅम असे अंदाज बांधतात. तो अंदाज चुकला, तर पिसांवर गुलाबी झाक येते, हे ध्यानात ठेवा.

तिन्ही बाटल्या भरल्या असतील, तर मात्र इलाज नाही. तेथे उजेड कमी केला, की राखाडी ठिगळ दिसते. अशा वेळी तो भाग पांढराच राहू द्यावा. चिखलाच्या रंगाच्या बगळ्यापेक्षा चमकणारा बगळा बरा.

कामाचा क्रम असा ठेवा. मूळ चित्राची प्रत करून तिच्यावरच काम करा. प्रथम एकंदर उजेड थोडा कमी करा. मग केवळ उजळ भागांवर काम करणारी पट्टी खाली ओढा आणि आयतालेखातील उजवी टेकडी भिंतीपासून सुटते का, ते पाहा. माती फार काळी झाली, तर सावल्यांची पट्टी हळूच वर न्या. शेवटी फक्त बगळ्याभोवती निवड करून पिसांमधला फरक किंचित वाढवा. पक्ष्याच्या कडेला करडी रेघ किंवा पांढरे वलय दिसू लागले, की हात आवरता घ्या.

पण एवढा खटाटोप कशासाठी?

तुम्ही विचाराल, एका बगळ्याच्या पिसांसाठी इतके का करायचे? चित्र सुंदर दिसावे, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. छायाचित्र हा पुरावा असतो.

आपल्याकडचे पांढरे बगळे दुरून सारखेच दिसतात. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटे पिवळी. गायबगळा ठेंगणा, आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा. विणीच्या दिवसांत त्याचे डोके, मान आणि पाठ नारिंगी-तपकिरी होते. मोठा बगळा आणि मध्यम बगळा यांच्यातील एक खात्रीची खूण म्हणजे तोंडाच्या फटीची रेघ. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. विणीच्या काळात पाठीवर येणारी झालरीसारखी पिसेही पाहावी लागतात. याच पिसांसाठी एके काळी जगभर बगळ्यांची कत्तल झाली. युरोप-अमेरिकेत स्त्रियांच्या टोप्यांवर ती लावली जात. हिंदुस्थानातून पिसे बाहेर पाठवण्यावर १९०२ साली बंदी घालण्यात आली.

आता या साऱ्या खुणा पाहा: तोंडाची बारीक रेघ, चोचीचा पिवळा, पाठीची झालर. चित्र उतू गेले, की नेमक्या याच खुणा पुसल्या जातात. पिवळी चोचसुद्धा पांढुरकी होते, कारण तांबडा आणि हिरवा मर्यादेला अडकतात आणि निळा मागून त्यांना गाठतो. मग तो बगळा कोणता, हे कुणालाच सांगता येणार नाही.

येथेच एक मोह टाळायचा आहे. आजचे काही प्रोग्रॅम उतू गेलेल्या जागी हुबेहूब पिसे भरून देतात. दिसायला ती खरी वाटतात. पण ती तुमच्या बगळ्याची नसतात. इतर असंख्य चित्रांवरून रचलेली असतात. भरलेल्या पर्जन्यमापकाकडे पाहून "१३७ मिलिमीटर" असे ठोकून देण्यासारखेच ते आहे. भिंतीवर लावायच्या चित्रात असे केले, तर तसे सांगून करा. पक्ष्यांच्या नोंदीत मात्र करू नका. उजेड कमी-जास्त करणे म्हणजे नोंद नीट वाचणे. नवे पीस काढणे म्हणजे खोटी नोंद लिहिणे.

करून पाहा

घरातील काळ्या कापडावर किंवा ओल्या काळ्या मातीवर पांढरा हातरुमाल चुण्या पाडून ठेवा. सकाळच्या उन्हात मोबाइलने पाच चित्रे घ्या: एक जशास तसे, दोन अधिक प्रकाशाची, दोन कमी प्रकाशाची. मग संपादनात पाचही चित्रे एकसारख्या उजेडाची करण्याचा प्रयत्न करा. कोणत्या चित्रात चुण्या परत आल्या? कोणत्यात कायमच्या गेल्या? प्रत्येकाचा आयतालेख वहीत काढा. शिक्षकांना वर्गात हा प्रयोग एका तासिकेत सहज घेता येईल.

महाराष्ट्रात २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. त्या आठवड्यात आपल्या शिवारात जा. पक्ष्यांच्या फार जवळ जाऊ नका, घरट्यांना धक्का लावू नका. काळ्या मातीवरचा पांढरा बगळा दिसला, की कॅमेरा उचलण्याआधी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, "माझी बाटली उतू तर जाणार नाही ना?" प्रकाश किंचित कमी करा आणि मग कळ दाबा. संगणकावर तासभर खपूनही न मिळणारे पीस तेथे, त्या एका क्षणात, तुमच्या हाती लागेल.